दर राउंडला नवा इनिशिएटिव्ह आणि वाया गेलेला डॉज

पडद्यामागचा (धागाकर्ता)

दोन वर्षांपासून एक कॅम्पेन चालवतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा टेबलावरचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, पाच खेळाडू. चार महिन्यांपूर्वी एक हाउस रूल (आमच्या टेबलापुरता नियम) आणला: इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी कधी हे ठरवणारा फासा) लढाईच्या सुरुवातीला एकदाच टाकायचा नाही, दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) नव्याने टाकायचा. कारण साधं होतं. क्रम एकदा लागला की तोच गोल गोल फिरतो, आणि ज्याची पाळी झाली तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. नव्या नियमाने टेबलावर जान आली हे खरं. पुढे कोण हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे सगळे फाशांकडे डोळे लावून असतात.

परवा मात्र गाडी अडली. अरुंद पूल, समोर दोन ओगर (धिप्पाड राक्षस). आमचा फायटर चेन मेल (कड्यांचं चिलखत) आणि ढाल घेऊन पुढे, एसी (त्याला वार लागायला गाठायचा आकडा) १८, हिट पॉइंट (जीव) उरले ११. पहिल्या राउंडला त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याने शहाण्यासारखा डॉज घेतला (पाळी बचावात घालवायची, मग त्याच्यावरच्या हल्ल्याला दोन फासे आणि कमी असेल तो धरायचा). दुसऱ्या राउंडला इनिशिएटिव्ह टाकला, तर पठ्ठ्याचे १९. सगळ्यात पहिला! आता डॉज टिकतो "तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत". म्हणजे डॉज घेतला आणि संपलाही, मध्ये एकाही ओगरची पाळी नाही. त्याने मग "मारून तरी बघतो" म्हणून वार केला, चुकला, आणि दुसऱ्या ओगरच्या सोट्याने आडवा झाला.

खेळाडूने फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी अख्खी पाळी ढालीमागे बसलो आणि त्या ढालीवर माशीसुद्धा बसली नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या महिन्यात उलटं झालं होतं: रोगने (आमचं चोर पात्र) पहिल्या नंबरला डॉज घेतला, पुढच्या राउंडला तो शेवटचा आला, आणि एका डॉजवर जवळजवळ दोन राउंड निभावून नेले. तेव्हा कुणी तक्रार केली नाही, अर्थातच.

तुम्ही काय कराल?

दुसरा_फासा

नियमाचा दोष नाही, नियम ज्यावर उभा आहे ते तुम्ही काढून घेतलंत. क्रम पक्का असताना तुमच्या एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत प्रत्येक शत्रूची पाळी बरोबर एकदा येते. तुम्ही पहिले असा, मधले असा की शेवटचे, डॉजला एक पूर्ण फेरा मिळतोच. म्हणून तर "पुढच्या पाळीपर्यंत" हे शब्द आहेत. वीत बदलली की माप चुकणारच.

नुसता_वाचक

वाचतोय.

निळी_शाई

सोपं आहे की. डॉज राउंड संपेपर्यंत टिकतो असं करा.

पडद्यामागचा

@निळी_शाई, हेच मी त्या रात्री झोपताना ठरवलं होतं. सकाळी लक्षात आलं की फायटर पहिल्या राउंडला शेवटचाच होता. त्याने डॉज घेतला त्याच क्षणी राउंड संपला. परत माशी नाहीच.

निळी_शाई

हो की. मागे घेते.

सहा_सेकंद

मला एक कळलं नाही. दुसऱ्या राउंडला तो पहिला होता ना? मग पुन्हा डॉज घ्यायचा. दोन्ही ओगर त्याच्यानंतर खेळले असते. चूक खेळाडूची आहे.

दुसरा_फासा

घेता आला असता. पण हिशोब बघा: दोन पाळ्या खर्चून एका राउंडचं संरक्षण. ज्या दुकानात दोनदा पैसे देऊन एकदाच माल मिळतो तिथे गिऱ्हाईक चिडणारच.

जुनी_पानं

तुम्हा पाचवीवाल्यांना वाटतं दर राउंडला फासा टाकणं हा नवीन प्रकार आहे. आम्ही तसंच खेळायचो. १९८९ च्या एडी अँड डी (याच खेळाचं जुनं रूप) दुसऱ्या आवृत्तीत दर राउंडला डी१० (दहा बाजूंचा फासा), आणि कमी आकडा आधी. वैयक्तिक इनिशिएटिव्हचा पर्यायी नियम घेतला तर त्यात शस्त्राचा स्पीड फॅक्टर मिळवायचा, मंत्र असेल तर कास्टिंग टाइम. खंजीर झटकन, दोन हाती तलवार सावकाश.

पण तुमच्या नियमात आणि त्या नियमात एक फरक आहे आणि तुमची गाडी तिथेच अडलीय. तेव्हा आधी बोलायचं आणि मग फासा टाकायचा. मी काय करणार हे क्रम ठरायच्या आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सांगून मोकळं व्हायचं. जादूगार "मंत्र म्हणतो" म्हणाला, आणि त्याचा नंबर लागायच्या आत कुणी त्याला घाव घातला, तर मंत्र गेला. त्यामुळे क्रमाला वजन होतं. नुसतं "आधी मी, मग तू" नव्हतं ते.

रूनक्वेस्ट हा दुसरा खेळ, १९७८, त्याच्याही आधीचा. बारा सेकंदांचा राउंड, त्यात बारा स्ट्राइक रँक. सुरुवातीला सगळ्यांनी इरादा सांगायचा, मग चपळाई, उंची-धिप्पाडपणा आणि शस्त्राची लांबी यांवरून कोण कुठल्या रँकला मारणार ते ठरायचं. भालेवाला खंजीरवाल्याच्या आधी पोचतो. फासाच नाही त्यात.

तुम्ही आमच्याकडून दर राउंडचा फासा घेतलात आणि घोषणा तिथेच टाकून आलात.

सहा_सेकंद

काका, घोषणा म्हणजे पाच जणांनी पाच मिनिटं विचार करायचा, मग फासे, मग ज्याला मारायचं होतं तो आधीच मेला म्हणून पाळी फुकट. आम्ही एकदा करून बघितलंय. एका राउंडला पाऊण तास.

जुनी_पानं

आमच्याकडे वाळूचं घड्याळ होतं. वाळू संपली की गप्प बसलेला माणूस त्या राउंडला गोंधळलेला. दोनदा असं झालं की सगळे पटापट बोलायला शिकतात.

गणिताचा_तास

थोडे आकडे मांडतो, म्हणजे डॉज वाया जाणं किती महाग पडतं ते दिसेल. ओगरचा हल्ला +६, घाव सरासरी १३. एसी १८ ला लागायला वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त हवेत, म्हणजे ४५ टक्के. डॉज असेल तर दोन फासे टाकून कमी असेल तो धरायचा, म्हणजे ०.४५ गुणिले ०.४५, साधारण २० टक्के. दोन ओगरांकडून एका राउंडला अपेक्षित नुकसान ११.७ वरून जवळजवळ ५.३ वर येतं (क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यावरचा जादा घाव, सोडून दिलेत). ११ हिट पॉइंटच्या माणसाला हा जगण्यामरण्याचा फरक आहे.

आता हेच जादूगाराला लावा, एसी १३. आधी ७० टक्के, डॉजसह ४९. फायदा आहे, पण निम्म्याहून कमी होणं वेगळं आणि तीन दशांशाने कमी होणं वेगळं. डॉज हे मुळात चिलखतवाल्याचं हत्यार आहे. लोक उलटं समजतात, "मला कुठे चिलखत आहे, म्हणून मी डॉज घेतो".

ढालकरी

धाग्याला धरून आणि थोडं माझं रडगाणं. मी फायटर खेळतो, प्रोटेक्शन फायटिंग स्टाइल. शेजारच्या पाच फुटांतल्या मित्रावर हल्ला झाला की मी रिअ‍ॅक्शन (आपली पाळी नसतानाची एक झटपट कृती) वापरून हल्लेखोराला डिसअ‍ॅडव्हान्टेज देतो. म्हणजे त्याने दोन फासे टाकून कमी असेल तो धरायचा. कागदावर झकास. टेबलावर काय होतं? आमचा डीएम तोंडाने "गॉब्लिन क्लेरिककडे वळतो आणि" एवढं म्हणेपर्यंत त्याचा हात फासा सोडून मोकळा झालेला असतो. "सतरा. लागतो का?" मी म्हणतो, थांब, ढाल! तो म्हणतो, आता आकडा दिसला, आता कसं? सहा सेशनमध्ये मला ती ढाल तीनदा वापरायला मिळाली.

आणि शेजारी बसलेला जादूगार आकडा ऐकतो, मान हलवतो, शील्ड मंत्र मारतो, एसी पाच वाढतो, हल्ला हुकतो. त्याला कुणी काही म्हणत नाही.

दुसरा_फासा

जादूगाराचं बरोबर आहे, शील्ड मंत्राचा ट्रिगरच "हल्ला लागल्यावर" असा आहे. तुमचा ट्रिगर "हल्ला करतो तेव्हा" आहे, आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दुसरा फासा, तो पहिल्याच्या बरोबर पडायला हवा. बचावाचे असे दोन जातीचे नियम असतात: फासा पडायच्या आधीचे आणि नंतरचे. नंतरचे कधीच चुकत नाहीत, कारण आकडा स्वतःच हाक मारतो. आधीच्यांना मात्र डीएमने जागा करून द्यावी लागते.

मी एकच करतो. फासा हातात धरून म्हणतो, "ओगर, फायटरवर, सोटा." मग श्वासभर थांबतो. कुणी बोललं नाही तर टाकतो. त्या एका श्वासाने आमच्याकडची निम्मी भांडणं मिटली.

ढालकरी

हा प्रतिसाद डीएमला पाठवतोय. नाव झाकून.

निळी_शाई

मूळ प्रश्नाकडे. ड्रॅगनबेन कुणी खेळलंय का? स्वीडिश खेळ आहे, जुन्या द्राकार ओक देमोनरचा नवा अवतार, इंग्रजीत २०२३ मध्ये आला. त्यात दर राउंडला नवा क्रम लागतो, अगदी तुमच्यासारखाच, आणि तुमचा त्रास तिथे होत नाही. सांगते कसा.

एक ते दहा आकड्यांची पत्ती असतात. राउंडच्या सुरुवातीला प्रत्येकाने एक ओढायचं, १ हा आकडा सगळ्यात आधी. पाळी झाली की पत्ता उलटा. आता बचाव: तुमच्यावर हल्ला झाला तर पॅरी (शस्त्राने वार अडवणं) किंवा डॉज करता येतो, पण तो तुमची त्या राउंडची अ‍ॅक्शन खातो. पत्ता तिथेच उलटा करायचा. आणि पत्ता आधीच उलटा असेल, म्हणजे तुम्ही खेळून झाला असाल, तर बचाव नाही. घाव अंगावर घ्यायचा.

याचा परिणाम गंमतशीर होतो. माझ्या हातात दुक्की आली, सगळ्यांना वाटतं वा, लवकर पाळी. पण लवकर वार केला की उरलेला राउंड मी उघडी. नववं पत्तं आलं तर मी वाट बघू शकते: कुणी मारायला आलं तर अडवीन, नाही आलं तर शेवटी मारीन. आमच्या पहिल्या खेळात मी दुक्कीवर धावत जाऊन वार केला, लागलाही. मग आठ नंबरचा दरोडेखोर माझ्याकडे वळला. मी सवयीने "पॅरी" म्हणाले आणि डीएमने काही न बोलता माझ्या उलट्या पत्त्याकडे बोट दाखवलं. त्या बोटाने मला नियम कायमचा शिकवला.

शिवाय ज्याची पाळी झाली नाही अशा दुसऱ्याशी पत्ता बदलता येतो. त्यामुळे टेबलावर सौदे चालतात, "तुझी सत्ती मला दे, मला याला अडवायचंय".

मुद्दा हा की तिथे बचावाला मुदतच नाही. "कधीपर्यंत टिकतो" हा प्रश्न उद्भवत नाही, कारण बचाव त्या राउंडच्या पाळीतून रोखीने घेतला जातो.

(अवांतर: मॉन्स्टरचे हल्ले सहसा पॅरी होत नाहीत, डॉजच करावा लागतो. ओगरसमोर तलवार आडवी धरून उपयोग नाही हे मला पटतं.)

दुसरा_फासा

याच जातीचं शॅडोरन या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आहे, २०१३ ची. तिथे इनिशिएटिव्ह हा नुसता क्रम नाही, खिशातली शिल्लक आहे. प्रत्येक पास (राउंडमधला एक फेरा) संपला की सगळ्यांच्या आकड्यातून १० वजा, ज्याचं काही उरलं तो पुन्हा खेळतो. आणि मध्येच जास्तीचा डॉज, पॅरी किंवा ब्लॉक हवा तर ५ मोजायचे. फुल डिफेन्स (पूर्ण बचाव) हवा तर १०, म्हणजे जवळपास एक अख्खी पाळी. घाबरट माणूस हळू होत जातो. कल्पना मला फार आवडते, पण दर हल्ल्याला वजाबाकी करत बसायचं म्हणजे डीएमच्या कागदावर खाडाखोडीचं जंगल.

चार_भिंती

गर्प्स या खेळात बचाव फुकट आहे आणि मला तेच पसंत. एक सेकंदाची पाळी, क्रम बेसिक स्पीडवरून (पात्राचा ठरलेला वेग), फासा नाही, लढाईभर तोच. हल्ला झाला की डॉज, पॅरी, ब्लॉक यातलं एक. त्याच हाताने दुसरी पॅरी केली की उणे चार, तिसरीला उणे आठ. म्हणजे एकाला तीन जण भिडले की तो कोसळतो, कितीही मोठा तलवारबाज असो. हे मला खरं वाटतं.

गणिताचा_तास

खरं वाटतं, पण लांबतं. कौशल्य १४ म्हणजे (तीन फाशांची बेरीज १४ किंवा कमी आली की जमलं) ९१ टक्के वार बरोबर. समोरच्याची पॅरी १०, म्हणजे ५० टक्के अडवले. हाती राहतात ४५. दोन बरे तलवारबाज समोरासमोर आले की नुसतं टण टण टण.

उपाय पुस्तकातच आहे, नवखे वापरत नाहीत. डिसेप्टिव्ह अ‍ॅटॅक: स्वतःचे दोन गुण कमी करा, समोरच्याच्या बचावाचा एक कमी. कौशल्य १८ असेल तर सरळ वाराने ४९ टक्के घाव लागतात. चार गुण सोडून १४ वर आलात तर पॅरी १० ची ८ होते, आणि आकडा ६७ वर जातो. हुलकावणी द्यायला शिकणं म्हणजे हे.

मोकळं_मैदान

किंवा क्रमच सोडून द्या. अपोकॅलिप्स वर्ल्ड, २०१०. इनिशिएटिव्ह नाही. डीएम बघतो आत्ता कुणावर काय कोसळतंय आणि विचारतो, तू काय करतोस? बस.

सहा_सेकंद

आणि मग जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तो चारदा खेळतो. आमच्या टेबलावर तो मीच असतो, म्हणून माझा पाठिंबा.

पडद्यामागचा

सगळ्यांचे आभार. काल सेशन झालं, वृत्तांत देतो.

क्रम पक्का करायला खेळाडू तयार नाहीत, दर राउंडचा फासा त्यांना हवाच. म्हणून जुनी_पानं आणि निळी_शाई यांची खिचडी केली. राउंड सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने तळहाताखाली एक नाणं ठेवायचं. छापा म्हणजे डॉज, काटा म्हणजे बाकी काहीही. मॉन्स्टरांसाठी मीही ठेवतो. मग हात उचलायचे आणि त्यानंतर इनिशिएटिव्ह. ज्याचा छापा, त्याला पूर्ण राउंड डॉज, पहिल्या हल्ल्यापासून शेवटच्यापर्यंत. त्याच्या पाळीला त्याने फक्त हलायचं. घोषणा एवढीच, बाकी बेत सांगायचा नाही, त्यामुळे पाऊण तास लागत नाही. दहा सेकंदांत होतं.

तोच पूल, आता पलीकडच्या तोंडाला. फायटरने दुसऱ्या राउंडला छापा ठेवला. मला नाणं दिसल्यावर मोह झाला, खोटं कशाला बोलू: याला सोडून ओगर पुढे पाठवू. एकाला पाठवलाही. फायटरच्या पोचेतून ओगर बाहेर पडला तसा खेळाडू शांतपणे म्हणाला, "ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅटॅक." पोचेबाहेर जाणाऱ्यावर मारायचा झटपट वार. डॉज घेतलेल्या माणसाची रिअ‍ॅक्शन शाबूत असते हे मी विसरलोच होतो. वार लागला. दुसरा ओगर मुकाट उभा राहून त्याच्याशीच लढला आणि हुकला. खेळाडूने ढालीवर टकटक केल्यासारखं टेबल वाजवलं.

गणिताचा_तास

छापा ठेवलेल्या माणसाला आपल्या पाळीला मन बदलता येतं का? समजा क्लेरिक पडला आणि त्याला उचलायचंय.

पडद्यामागचा

काल तसं झालं. मी म्हटलं, डॉज सोड आणि काय हवं ते कर, मात्र तिथून पुढे संरक्षण नाही.

गणिताचा_तास

मग तुमच्या नियमाला भगदाड आहे. मी दर राउंडला छापाच ठेवीन. नंबर उशिरा लागला तर माझ्या आधीचे सगळे हल्ले डिसअ‍ॅडव्हान्टेजने झालेले असतील, मग डॉज सोडून वारही करीन. ढालही माझी आणि तलवारही. नंबर लवकर लागला तर डॉज तसाच ठेवीन. तोटा कधीच नाही.

दुसरा_फासा

हे एका सेशनमध्ये त्यांच्या लक्षात येईल.

पडद्यामागचा

एका तासात. रोगवाल्याने मला काल रात्रीच निरोप पाठवलाय, "छापा सोडता येतो ना, नक्की?" आता कळलं तो का विचारत होता.

बदल: छापा बांधील. हात उचलले की मागे नाही. क्लेरिक पडला तर पडला, दुसऱ्या कुणीतरी उचलावा. आणि रिअ‍ॅक्शनसुद्धा पाळीला परत न देता राउंड सुरू होताना सगळ्यांना एकदम परत, नाहीतर तीच जुनी गोची तिथे.

जुनी_पानं

बांधील म्हणजे बांधील. आता कसं बोललात.

निळी_शाई

रेडी अ‍ॅक्शनचं (एखादी गोष्ट घडली की करायची राखून ठेवलेली कृती) काय केलंत? तीही पुढच्या पाळीपर्यंतच टिकते.

पडद्यामागचा

ट्रिगर घडेपर्यंत किंवा पुढचा राउंड संपेपर्यंत. थोडी उदार आहे, पण त्यासाठी आजची पाळी दिलेली असते, म्हणून चालेल.

चार_भिंती

एक खुसपट काढतो. तुम्ही डॉज आणि रेडीची डागडुजी केलीत, पण त्या पुस्तकात "तुमच्या पुढच्या पाळीच्या शेवटपर्यंत" असं लिहिलेलं आणखी काय काय आहे ते मोजलंत का? मंकचा स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करून त्याची पाळी बुडवणारा वार) घ्या. मंक शेवटी मारतो, पुढच्या राउंडला पहिला येतो, त्याची पाळी संपते, स्टन गेला. शत्रूची एकही पाळी बुडाली नाही. आणि उलट झालं, मंक आधी पहिला मग शेवटचा, तर शत्रूच्या दोन पाळ्या साफ.

तुमच्या पार्टीत मंक आहे का?

पडद्यामागचा

आहे. पुढच्या सेशनला पाचव्या लेव्हलला जातोय.

चार_भिंती

स्टनिंग स्ट्राइक पाचव्याच लेव्हलला मिळतो.

पडद्यामागचा

माहितेय. पुस्तक घेऊन बसलोय, पेन्सिलने "पुढची पाळी" शोधत. सध्या मंत्रांच्या "ब" पर्यंत पोचलोय, आणि समास भरला.